एकशे सत्तेचाळीस नंबरचा कोट

धाकटीचं एक ठाम मत होतं. फुकट मिळालेलं पुस्तक वाचायला हरकत नाही, कारण वाचलेलं डोक्यात जातं आणि डोक्यात काय आहे ते बाहेरून कुणाला दिसत नाही. फुकट मिळालेला कपडा मात्र अंगावर राहतो आणि चारचौघांत सांगत सुटतो की मी हिचा नव्हे. या एका मतापायी तिनं जो घोळ घालून ठेवला, तो निस्तरताना तिच्या नाकी नऊ आले.

तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण लॉन्ड्रीत तिच्या आधी तिची थोरली बहीण लागली होती आणि तिच्याही आधी आई. एकाच टेबलाशी तिघी आळीपाळीने उभ्या राहिल्या होत्या. इस्त्रीच्या कामात बसायची सोय नाही. आईच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या तेव्हा ती घरी बसली आणि ताईनं टेबल सांभाळलं. आता ताई रात्री पाय उशीवर ठेवून झोपायला लागली होती. धाकटीनं ते पाहिलं आणि शिक्षिका व्हायचं ठरवलं. कुणी कारण विचारलं तर ती सरळ सांगायची, "शिक्षिकेला खुर्ची असते." त्या खुर्चीवर शिक्षिकेला फारसं बसायला मिळत नाही, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

शिक्षक घडवणाऱ्या त्या कॉलेजनं तिच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं होतं? फी माफ केली, बसचा पास काढून दिला, पुस्तकं वर्षभर घरी ठेवायला दिली. तिची पाळी सकाळची होती आणि कॉलेजही सकाळचं, म्हणून ती नाव काढून टाकायला गेली, तेव्हा मॅडम तडक लॉन्ड्रीतच येऊन धडकल्या. या मॅडमकडे सराव पाठांचं काम होतं. शिकाऊ शिक्षिका शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवतात, तेव्हा मागच्या बाकावर बसून त्यांचं सगळं बरंवाईट टिपून घ्यायचं, हे ते काम. मुली त्यांना पाठाच्या मॅडम म्हणत आणि टरकून असत. त्या दिवशी मॅडमनी मालकासमोर उभं राहून सांगितलं, "हिला दुपारची पाळी द्या. कामात कसूर करणार नाही, शब्द माझा." मालकाला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

"पदवीचा कागद देऊन तुम्हाला वाऱ्यावर सोडायला हे कॉलेज काढलेलं नाही," मॅडम वर्गात म्हणायच्या. "तुमच्या घरात पगार सुरू झाला, की मी म्हणेन आमचं काम झालं." आणि त्या नुसतं म्हणत नव्हत्या. पलीकडच्या शाळेशी त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं की दरवर्षी शेवटच्या परीक्षेच्या पाठानंतर शाळेनं एका मुलीला साहाय्यक शिक्षिका म्हणून लगेच पगारावर घ्यायचं. कोणाला, ते शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः पाठ बघून ठरवणार. शाळेत त्यांना मोठ्या बाई म्हणत. या वर्षी तिथं तिघींचे पाठ होते आणि जागा एक. धाकटीला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यापुढे दुसरी वाटच नव्हती. ताईच्या पोटऱ्यांवर शिरा दिसायला लागल्या होत्या.

आता राहिलं कपाट. मॅडमच्या खोलीबाहेर एक लाकडी कपाट होतं. त्यात बूट, पिशव्या, सदरे आणि एक तपकिरी कोट. शिकून गेलेल्या मुलींनी ठेवलेल्या या वस्तू, पाठाच्या दिवशी जिला लागेल तिनं न्याव्यात आणि परत आणून ठेवाव्यात. कुलूप नाही, सही नाही. पण तो तपकिरी कोट अख्ख्या कॉलेजला पाठ होता. कोपरांना ठिगळं, एक खिसा लोंबता. तो घालून कुणी जिना चढलं की मुली म्हणायच्या, "आला तपकिरी." घालणारीचं नाव कुणी घ्यायचंच नाही.

"मग घाल की तपकिरी," ताई म्हणाली. थंडीचे दिवस होते आणि धाकटीच्या एकुलत्या एका स्वेटरच्या बाहीवर इस्त्रीचा तांबूस डाग पडला होता. "कोट काय चावतो का तुला?"

"सगळे ओळखतात तो."

"ओळखू देत. तुला शिकवायचंय, मिरवायचं नाहीये."

"मी नाही घालणार. तो घातला की मी गरीब दिसते."

"अगं बये, आणि न घालता काय महाराणी दिसतेस?"

धाकटीनं तोंड फिरवलं. बहिणीचं म्हणणं पटलं की ती नेहमी तोंड फिरवायची.

परीक्षेच्या पाठाच्या आदल्या दिवशी तिच्या टेबलावर एक करडा कोट आला. लोकरीचा, अस्तर रेशमासारखं, खांद्यांची शिवण अशी की ठेवला तरी उभा राहील. तिनं ओलं फडकं घालून वाफ दिली, कॉलर बसवली, हँगरला लावला. पावती दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. कोणाचा कोट, ते इस्त्रीवाल्यांना कधीच कळत नसे. नाव फक्त काउंटरला ठाऊक, टेबलावर फक्त नंबर. कॉलरच्या आत सेफ्टी पिनेनं लावलेली पिवळी चिठ्ठी, एकशे सत्तेचाळीस.

लॉन्ड्रीतल्या बायका गमतीनं गिऱ्हाइकांचे कपडे अंगाला लावून आरशात बघायच्या, हसायच्या आणि परत टांगायच्या. दाराबाहेर मात्र कुणी कधी एक रुमालही नेला नव्हता. त्या संध्याकाळी ताई आईसाठी लवकर निघून गेली, दिवे मालवायचं काम धाकटीकडे आलं, आणि तिनं कोट घडी करून पिशवीत घातला. उद्या संध्याकाळच्या आत परत हँगरवर. कुणाला काय कळणार? चोरी करणारी सगळी माणसं स्वतःला हेच सांगत असणार, पण धाकटी त्याला चोरी म्हणायला तयार नव्हती. ती त्याला एक सकाळ म्हणत होती.

सकाळी शाळेच्या मुतारीशेजारच्या आरशासमोर तिनं कोट घातला आणि तिला स्वतःचाच आदर वाटला.

चौथीचा वर्ग होता. विषय तिनंच निवडलेला होता, पाण्यात काय बुडतं आणि काय तरंगतं. तीन आठवडे ती त्यावर मरत होती. टेबलावर पाण्यानं भरलेला टब, शेजारी खिळा, बूच, लाकडी चमचा, साबणाची वडी, बटाटा, आणि सगळ्यांत शेवटी मातीचा गोळा. गोळा पाण्यात टाकला की बुडतो. त्याच मातीची वाटी केली की तरंगते. मुलांनी आधी छातीठोकपणे चुकायचं, मग स्वतःच्या हातानं करून बघायचं आणि तोंडात बोट घालायचं, असा बेत. मागच्या बाकावर पाठाच्या मॅडम वही उघडून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी, गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळून, मोठ्या बाई.

आणि धाकटी टबापासून हातभर लांब उभी होती.

लोकरीला पाणी लागलं की डाग पडतो, हे तिच्या बोटांना माहीत होतं. बोटं पुढे जाईचनात. तिनं खिळा लांबून टाकला, तो टबाच्या काठावर आपटून खाली पडला. खडूची भुकटी उडू नये म्हणून फळ्यावर हात लांब करून लिहिलं, तर अक्षरं रडकी आली. मुलं पुढे सरसावली, "बाई, आम्ही टाकू? बाई, मी!" आणि ती म्हणाली, "जागेवर बसा. पाणी उडवू नका." तीन आठवडे खपून लिहिलेल्या पाठाच्या टाचणात हे वाक्य कुठंच नव्हतं. बूच तरंगलं, बटाटा बुडाला, पण ते बघायला कुणाला उत्साह उरला नव्हता. तिसऱ्या बाकावरच्या एकानं चक्क जांभई दिली. मॅडमचं पेन चाललं होतं, आणि ते फार भरभर चाललं होतं.

साबणाची वडी उचलायला ती वाकली, तेव्हा पुढच्या बाकावरची दात पडलेली मुलगी ओरडली, "बाई, तुमच्या मानेला नंबर आहे!"

धाकटीचा हात मानेकडे गेला. पिवळी चिठ्ठी कॉलरमधून बाहेर आली होती.

आता ही चिठ्ठी तिनं आधीच का काढली नाही, असं कुणीही विचारेल. पण लॉन्ड्रीत पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच, की बाकी काहीही कर, चिठ्ठीला हात लावू नकोस. चिठ्ठी गेली की कपडा हरवला. काउंटरवर गिऱ्हाइकासमोरच ती निघते. इतकी वर्षं शेकडो कॉलरांवरून तिची बोटं त्या चिठ्ठीला वळसा घालून गेली होती. कोट पळवताना तिला भीती वाटली होती, पण चिठ्ठी काढायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

"एक, चार, सात," मुलीनं मोठ्यानं वाचलं. "एकशे सत्तेचाळीस! बाई, हा तुमचा हजेरी नंबर आहे?"

वर्ग खदाखदा हसला. मागच्या बाकावर मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली, आतून एक पिवळी पावती काढली, ती वाचली, मग कोटाकडे पाहिलं आणि पावती हातातच धरून ठेवली.

कोट कोणाचा, ते धाकटीला कळलं. जागा गेली. लॉन्ड्री गेली. आणि मॅडमनी मालकाला दिलेला शब्द, तोही गेला. पळून जावं असं तिला अगदी मनापासून वाटलं. दार चार पावलांवर होतं. मग तिची नजर टबाशेजारच्या मातीच्या गोळ्यावर गेली. तो तिनं स्वतः मळला होता, तीन वेळा, कारण आधीचे दोन तडकले होते. मुलांना अजून वाटी दाखवायची राहिली होती. सगळं जाणारच असेल, तर निदान पाठ तरी पुरा करून जावं. असा एक राग तिच्या डोक्यात चढला, आणि तो स्वतःवरच होता.

तिनं कोट काढला. घडी घातली, अगदी लॉन्ड्रीतल्यासारखी, बाह्या आत, कॉलर वर, चिठ्ठी समोर. शिक्षिकेसाठी ठेवलेल्या खुर्चीवर ती घडी ठेवली. आत तोच डाग पडलेला स्वेटर होता. तिनं बाह्या कोपरापर्यंत सारल्या.

"हा माझा नंबर नाही. कोटाचा आहे, आणि कोट माझा नाही," ती म्हणाली. "आता सगळे इकडे या. टबाभोवती. कोण म्हणतं ही माती तरंगेल?"

"नाही तरंगणार!" सगळे ओरडले.

"पैज?"

मग जे झालं त्याला पाठ म्हणायचं की धिंगाणा, हे बघणाऱ्यावर आहे. मातीचा गोळा बुडाला, मुलांनी विजयाचा जल्लोष केला. तिनं तो बाहेर काढून दात पडलेल्या मुलीच्या हातात दिला. "दाब. अंगठ्यानं. अजून पातळ. काठ वर घे." मुलीनं जीभ बाहेर काढून वाटी केली आणि पाण्यावर सोडली. वाटी डुलली, एका बाजूला कलली आणि तरंगली. मुलं टबावर ओणवली. मग जांभई देणारा ओरडला, "तीच माती आहे! बाई, तीच माती आहे ना?" प्रत्येकाला ते स्वतः करून बघायचं होतं. कुणाची वाटी बुडाली, तेव्हा का बुडाली यावर दोघांचं भांडण जुंपलं, आणि धाकटीनं ते मिटवलं नाही, उलट "सिद्ध कर" म्हणून आग लावून दिली. घंटा झाली तेव्हा तिचा स्वेटर छातीपर्यंत ओला होता.

मुलं गेल्यावर ती स्वतःच मागच्या बाकाशी गेली. घडी दोन्ही हातांवर होती.

"हा कोट तुमचा आहे," ती मोठ्या बाईंना म्हणाली. "मी लॉन्ड्रीत इस्त्री करते. काल संध्याकाळी कुणाला न विचारता नेला. माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नाही. तीही तिथंच असते, तिच्यावर काही येऊ देऊ नका."

मॅडमनी वही मिटली. "कपाट माझ्या दाराशेजारी आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि हळू आवाज हीच त्यांची खरी शिक्षा होती. "तिथं हात घालायला तुला लाज वाटली. आणि हा कोट उचलायला नाही वाटली?"

धाकटीला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही, पण मानही खाली घातली नाही. "वाटली मॅडम. पण उशिरा."

मोठ्या बाईंनी कोटाला हात लावला नाही. "पाणी लागेल म्हणून काढलात?"

"आधी म्हणूनच लांब उभी होते. काढला तो त्यासाठी नाही. मुलं कंटाळली होती. कोट मध्ये येत होता."

मोठ्या बाईंनी पावती पर्समध्ये परत ठेवली. "संध्याकाळी मी कोट न्यायला येणार आहे," त्या म्हणाल्या. "पावतीवर तसंच लिहिलंय. मी येईन तेव्हा तुमच्या मालकाला सगळं माहीत असलं पाहिजे. मी सांगणार नाही." आणि त्या मफलर आवळत निघून गेल्या.

मॅडमही उठल्या. "पाठाचे गुण मी पाठाला देईन. पहिल्या अर्ध्याला मला काही देता येणार नाही. दुसऱ्या अर्ध्याला काय देऊ, ते मला अजून सुचत नाहीये." दाराशी त्या थांबल्या. "मालकाला शब्द मी दिला होता. तेव्हा जाताना माझ्या वतीनंही माफी मागून टाक त्याच्याकडे."

दुपारी लॉन्ड्रीत वाफेचा ढग भरलेला होता. धाकटीनं कोट पुन्हा टेबलावर घेतला, वाफ दिली, हँगरला लावला. मग काउंटरपाशी गेली आणि मालकाला एका दमात सगळं सांगितलं, मॅडमच्या माफीसकट. मालकाचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. तो वाईट माणूस नव्हता, पण गिऱ्हाइकाच्या कपड्याबाबत त्याला गंमत कळत नसे, आणि ते बरोबरच होतं.

"आजची पाळी पुरी कर आणि उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला.

मागे ताईनं इस्त्री ठणकन आपटली. "मग माझाही हिशेब करा."

"ताई, गप्प बस!" धाकटी किंचाळली. इतक्या मोठ्यानं ती बहिणीवर कधी ओरडली नव्हती. "चूक माझी आहे. तू टेबल सोडलंस तर आईचं औषध कोण आणणार? तू जागेवर राहा."

ताई जागेवर राहिली. पुढचा तासभर ती कपड्यांना इस्त्री करत होती की त्यांना बडवत होती, हे सांगणं अवघड होतं. मध्येच ती पुटपुटली, "म्हणे तपकिरीत मी गरीब दिसते. मूर्ख कुठली." आणि बाहीनं डोळे पुसले.

दिवे लागायच्या सुमारास मोठ्या बाई आल्या. काउंटरवर पावती ठेवली. मालक घाईघाईनं माफी मागायला लागला, मुलीला काढून टाकल्याचंही त्यानं सांगितलं. मोठ्या बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"तिनं स्वतः सांगितलं?"

"हो. आल्या आल्या."

त्यांनी धाकटीला काउंटरपाशी बोलावलं. "चिठ्ठी इथंच निघते ना? काढा."

धाकटीनं सेफ्टी पीन उघडली आणि चिठ्ठी काढली. लोकरीचा एक धागाही ओढला गेला नाही.

"पहिला अर्धा पाठ माझ्या कोटानं घेतला," मोठ्या बाई म्हणाल्या. "तो अगदी भिकार होता. दुसरा अर्धा तुम्ही घेतलात. बाकीच्या दोघींचे पाठ मी आधीच पाहिलेत. नीटनेटके होते. त्यांच्या वर्गात कुणी भांडलं नाही." त्यांनी कोट हातावर घेतला. "सोमवारी सात वाजता शाळेत या. सकाळी वर्ग गार असतात, तेव्हा कोट घालून या. तुमच्या कॉलेजात एक कपाट आहे असं ऐकते. तिथून आणा."

ताईनं मागून तिच्या पाठीत बोट खुपसलं. "हो म्हण. म्हण ना!"

"हो," धाकटी म्हणाली.

सोमवारी ती सूर्य उगवायच्या आत कॉलेजात गेली. कपाट उघडलं, तपकिरी कोट खाली काढला. मॅडमकडे तिनं तो आदल्या आठवड्यातच रीतसर मागितला होता आणि लोंबता खिसा शिवून ठेवला होता, ठिगळांवर इस्त्री ताईनं फिरवली होती. जिन्यावर दोन मुली भेटल्या. त्यातली एक हसत म्हणाली, "आला तपकिरी!"

"हो, आला," धाकटी म्हणाली, "आणि कामावर चाललाय." ती जिना उतरून गेली.

वर्गात दात पडलेली मुलगी आधीच उठून उभी होती. तिनं कोट नीट निरखला, मागे जाऊन कॉलर तपासली.

"बाई, आज नंबर नाही?"

"नाही गं," धाकटी म्हणाली. "हा मी मागून घेतलाय." तिनं तपकिरी बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि टब पुढे ओढला.